बाहेरच्या कंपनीचा कंट्रोलर

"हाही नको. दुसरा दाखवा."

दुकानदाराने सुस्कारा सोडून काउंटरवर आणखी एक कंट्रोलर ठेवला. धाकटीने तो दुकानातल्या कन्सोलला जोडला, बटण दाबलं, पडद्यावरच्या गाडीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"अहो ताई, लोण्यासारखा चालतोय की! गेम खेळायचाय की सोयरीक जमवायचीये? त्यापेक्षा मूळ कंपनीचाच घ्या."

"बाहेरच्या कंपन्यांचेच दाखवा. आणि सोयरीक चुकली तर निभावून नेता येते हो. हा चुकला तर माझी खोली जाईल."

खोली म्हणजे घरातली वरची. दार लागणारी तेवढीच एक रिकामी होती. धाकटीला नोकरी लागली होती, घरबसल्या फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची. सध्या ती स्वयंपाकघरातून बोलायची. मिक्सर सुरू झाला की पलीकडचं गिऱ्हाईक विचारायचं, "मॅडम, विमान उतरतंय का?" थोरल्याला तीच खोली व्यायामाला हवी होती. व्यायाम अजून सुरू व्हायचा होता. आधी खोली, मग निश्चय, असा त्याचा हिशेब.

वडिलांनी निकाल दिला, संध्याकाळी गाड्यांची शर्यत, जिंकेल त्याची खोली. त्या घरात भांडणं अशीच मिटत. दुसरी रीत अशी की कंट्रोलर मोठ्याने आधी निवडायचा. त्यामुळे कन्सोलबरोबर आलेला अस्सल कंट्रोलर कायम थोरल्याच्या मुठीत, आणि धाकटीच्या नशिबी तो जुना, ज्यावर गाडी आपोआप डावीकडे ओढायची. वर थोरला म्हणणार, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

दुकानात शेवटी एक जमला. काळाभोर, कडेने जांभळे दिवे, मागे दोन जादा बटणं. धाकटीने तो पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. तिचा चेहरा खुलला.

"हाच."

दुकानदाराने भर्रकन बांधून दिला. "विकलेला माल परत घेत नाही हं."

"आणतंय कोण परत?"

घरी पाऊल टाकताच तिने पिशवी छातीशी धरली. "दादा, हात लावायचा नाही! दुकान पालथं घालून निवडलाय. आज तुझी काही धडगत नाही."

थोरल्याने पिशवीतून डोकावणारे जांभळे दिवे पाहिले. "दे इकडे."

"आणलाय मी!"

"बाबा, आधी कोण निवडतं?"

"मोठा," वडील पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "पण एकदा हातात घेतला की शर्यत संपेपर्यंत अदलाबदल नाही."

"हा दिवसाढवळ्या दरोडा आहे!" धाकटीने पिशवी त्याच्यापुढे आदळली आणि त्याचा अस्सल कंट्रोलर उचलला. "घे! तरी जिंकणार मीच. लिहून ठेव."

"रडूबाई," थोरला हसला.

शर्यत सुटली. थोरल्याची गाडी पहिल्या वळणावर वळली, पण वळण मागे पडल्यावर. ब्रेक लागला, तोही भिंतीला धडकून झाल्यावर. तो उठून उभा राहिला, बटणांवर बुक्क्या मारू लागला. "हा ऐकतच नाहीये! बाबा, बघा!"

वडिलांनी पान उलटलं. "अदलाबदल नाही."

धाकटीची गाडी डौलात रेषेपार झाली.

"भंगार उचलून आणलंस!" थोरला कंट्रोलर सोफ्यावर फेकत ओरडला. "दुकानात जरा तपासून घेता येत नव्हता?"

"तपासले ना, सगळेच," खोलीची किल्ली उचलत धाकटी म्हणाली. "सगळ्यांत उशिरा चालणारा हाच निघाला."