तेरा चुली

खापरातले निखारे विझायच्या आत थोरलीला अजून पाच घरं गाठायची होती. गुडघे कुरकुरत होते.

"कुरकुरा," ती त्यांना म्हणाली, "पण चाला."

माणसं कामाला गेलेली. मागे थंड चुली. आणि मोजणीचा कारकून दिवस वर आला की येणार होता.

नियम सरळ होता. बारा चुली पेटत्या दिसल्या तर ते गाव. अकरा दिसल्या तर ओसाड जागा, आणि ओसाड जागा दगडखाणीच्या कंपनीला. कंपनीनं कुरण आधीच गिळलं होतं. कुरण गेलं तशी गुरं गेली. आता कंपनीला डोंगर हवा होता, आणि डोंगराच्या पायथ्याला ही घरं आडवी येत होती. सतरा घरं. त्यातल्या चारांची छपरं बसलेली. उरली तेरा.

लोहाराच्या घरात शिरून थोरली चुलीपाशी उकिडवी बसली.

"जाताना दोन काटक्या रचून ठेवायला काय हात मोडले होते सूनबाईंचे?"

काटक्या तिनंच रचल्या, निखारा ठेवला, फुंकणी तोंडाला लावली. जाळ धरला तशी जीभ मऊ झाली. "असू दे. पोरीला घाईच फार."

बाहेर तिची धाकटी जाऊ गवंड्याच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"अगं ए! गवंड्याच्या दोरीवर पोलकं? त्याला बायको कधी झाली?"

"आत्ता झाली. माझंच आहे. सदरे संपले."

"त्याला कळलं तर लाजून मरेल बिचारा."

"लाजू दे. त्या निमित्तानं तरी लग्नाचं नाव काढेल."

थोरलीला हसू आलं. तिनं ते दाबलं. हसलं की निखाऱ्यांचं खापर हलतं.

कारकून आला तो घामानं निथळत. पन्नाशीचा माणूस, बुटांवर धूळ, काखेत वही. थोरलीनं आधी पाणी दिलं, मग तोंड उघडलं.

"बस जरा. चुली कुठं पळून जात नाहीत."

"आजी, कंपनी म्हणते, इथं आता कुणी राहिलेलं नाही."

"कंपनीला म्हणावं, मोतीबिंदू काढून घे. पैसा आहे ना ढीगभर?"

"पण माणसं दिसत नाहीत."

"कामाला गेलीत. एवढं ऊन वर आल्यावर घरात लोळायला ती काय साहेब आहेत?"

कारकून ओशाळून हसला आणि उठला.

तो घरोघर फिरला. प्रत्येक चुलीपुढं वाकायचा, तळहात धरायचा, ऊब लागली की वहीत रेघ ओढायचा. थोरली मागे मागे. चार झाल्या. सात झाल्या. आठव्या घरात तो चुलीकडं बघत उभाच राहिला.

"सगळ्या चुलींत लाकडं डावीकडूनच सारलेली आहेत."

थोरलीचा डावा हात पदराआड गेला. जिभेनं मात्र दगा दिला नाही.

"एका सासूच्या हाताखाली शिकलेल्या बायका आम्ही. उजवीकडून लाकूड घातलं की पाठीत फुंकणी बसायची."

त्यानं मान डोलावली. रेघ ओढली.

सुताराच्या घरात धाकटी पाळण्याची दोरी धरून बसली होती. दोघांना बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं. कारकून उंबऱ्यातच थबकला. बूट काढले, चवड्यांवर चालत चुलीशी गेला आणि तसाच मागे फिरला.

"कुणाचं?" त्यानं बाहेर येऊन कुजबुजत विचारलं.

"सुताराचा नातू. आई कामाला गेली की ही सांभाळते." थोरलीनंही आवाज खाली आणला. "उठला तर गाव डोक्यावर घेईल. बापावर गेलाय."

पुढच्या घराकडं जाताना तो हळूहळू चालत होता.

"आजी, कंपनी शहरात पक्क्या खोल्या देतेय. नळ आहे, वीज आहे. ही मातीची घरं राखून काय मिळवणार?"

"कामाला गेलेल्या माणसाला परतायला दार लागतं, बाबा. दार नसलं की तो नुसता फिरत राहतो."

कारकुनानं वही या हातातून त्या हातात घेतली.

तेरावी चूल थोरलीची स्वतःची. तिथं त्यानं शेवटची रेघ ओढली, खाली आकडा मांडला आणि शाईची डबी पुढं केली.

"अंगठा, आजी."

"अंगठा कशाला? दुसरी पास आहे मी."

तिनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर दळण दळल्यासारखं फिरवून सही केली. कारकून तेवढा वेळ थांबला. मग कागद फाडून तिच्या हातात ठेवला. 'वस्ती आहे' असं त्यावर लिहिलेलं होतं. थोरलीनं ते दोनदा वाचलं.

एव्हाना धाकटीही येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली होती. कारकून निघाला, दहा पावलं गेला, आणि परत आला.

"पुढच्या खेपेला मोजायला दुसरा माणूस येणार आहे," तो म्हणाला. "त्याच्या आधी एक कुत्रं पाळा. तेरा चुलींच्या गावात परका माणूस शिरला आणि त्याच्यावर कुणी भुंकलं नाही. तुम्ही दोघीच राहता, हे मला वेशीवरच कळलं."