टाचणी

विद्यापीठाकडून आलेली प्रश्नावली सरोजिनीबाईंनी सकाळीच भरायला घेतली होती. ‘माध्यमिक शाळांतील जागतिक शिक्षण : मुख्याध्यापकांची मते.’ प्रत्येक विधानापुढे त्यांनी हिरव्या शाईने ‘पूर्णपणे सहमत’वर खूण केली. एकच प्रश्न उरला होता, तेवढ्यात दारात धनाजीराव उभे राहिले. मागे त्यांची मुलगी मिताली.

“बाई, दाखला तयार आहे ने?”

दाखला तयार होता, फक्त सही व्हायची होती. बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. नववीत सहाच मुलं उरली होती. सहाच्या खाली गेलात तर वर्ग बंद, असं मंडळाने स्पष्ट बजावलं होतं. नववी गेली की पुढच्या वर्षी दहावी कसली आणि मग शाळा तरी कसली? मिताली त्यांतली सहावी.

“धनाजी, बस ना.”

धनाजीराव बसले नाहीत. याच मराठी शाळेत शिकून ते बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत लागले होते, पण बाईंसमोर खुर्चीत बसणं त्यांना अजून जमत नसे.

“दिवाळीपर्यंत तरी थांब. माझ्यासाठी.” हे शेवटचे दोन शब्द बाईंना बोलायचे नव्हते.

“बाई, मागल्या साली पालकांच्या सभेत तुम्हीच बोललात ने? पोरांना जग दाखवा, विहिरीत ठेवू नका. मी घरी जाऊन हिच्या आईला तुमचं अख्खं भाषण म्हणून दाखवलं. इंग्लिश मीडियमची फी भारी आहे, पण म्हटलं, आता बाईच सांगतात तर…”

आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तर तो बाईंसारखा, टाळ्यांच्या गजरात. भाषण खरंच छान झालं होतं. जग शाळेत आणायचं, असं बाईंना म्हणायचं होतं. पालकांनी सोपा अर्थ घेतला आणि मुलं शाळेतून नेली.

बाईंनी सही केली. मग ड्रॉवरमधून टाचण्यांची डबी काढून मितालीपुढे धरली.

ही त्यांचीच जुनी रीत. शाळा सोडणाऱ्याने भिंतीवरच्या जगाच्या नकाशात, जिथे जाणार तिथे स्वतःच्या हाताने टाचणी लावायची. पूर्वी कोणाची मस्कतला लागे, कोणाची टोरांटोला, आणि लागली की वर्गभर टाळ्या पडत.

मितालीने लाल डोक्याची टाचणी निवडली आणि नकाशासमोर जाऊन ती घुटमळली. तिची नवी शाळा अलकापुरीत, स्टेशनच्या पलीकडे. गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेली जवळजवळ सगळीच मुलं अशी स्टेशनच्या पलीकडेच गेली होती. बडोद्याच्या ठिपक्यावर टाचण्यांची नुसती दाटी झाली होती.

“बाई, इथे जागाच नाही.”

“बघ, कुठेतरी बसेल.”

“समुद्रात लावू? जवळच आहे.”

बाईंनी मान डोलावली. मितालीने अरबी समुद्रात टाचणी टोचली, वाकून नमस्कार केला आणि वडिलांच्या मागे पळत गेली. फाटकाशी स्कूटर सुरू झाली आणि तिचा आवाज रावपुऱ्याच्या गर्दीत मिसळून गेला.

बाई बसून राहिल्या. घरीही कोणी वाट बघणारं नव्हतं, म्हणून शाळा सुटल्यावरही त्या पाचपर्यंत इथेच बसत. कोणी ना कोणी वही तपासून घ्यायला थांबलेलं असे. बहुतेक वेळा मितालीच. आता कोण थांबणार?

वर्ग बंद झाल्याचं मंडळाला कळवायला हवं होतं. त्याआधी त्यांनी प्रश्नावली पुढे ओढली. शेवटचा प्रश्न होता : ‘जागतिक शिक्षणामुळे आपल्या शाळेत झालेला सर्वांत मोठा बदल एका वाक्यात लिहा.’

बाईंनी नकाशाकडे पाहिलं आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं :

‘आमच्या नकाशावर आता बडोदे दिसत नाही.’