चांगलं कुणाला सांगायचं

लेकीला, मेबलला, कमोडवर बसवून टीगन तिच्या आखडलेल्या पोटऱ्या चोळत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला आणि तिचा हात थांबला.

"अहो, चालते आता ती," नॅन कुणाला तरी सांगत होती. मेबल आजीला नॅन म्हणायला लागल्यापासून टीगनही आईला नॅनच म्हणायची. "सोफ्यापासून फ्रिजपर्यंत. वॉकर नाही, काही नाही. चीज दिसलं की बरोबर येतात पाय जाग्यावर, लबाड कुठली."

कुणीतरी बाई हसली. ते हसू नेरिडाचं नव्हतं.

नेरिडा त्यांची को-ऑर्डिनेटर. अपंग मुलांसाठीच्या सरकारी योजनेत मेबलला जे मंजूर होईल त्यातून फिजिओ शोधून देणारी, शाळेशी भांडणारी. आल्या आल्या "काय नवीन?" म्हणून विचारायची आणि मेबलने मोजा ओढून काढला तरी टाळ्या वाजवायची. आज योजनेच्या सरकारी खात्याची बाई येणार, म्हणून तीही शेजारी येऊन बसणार होती. अजून तिचा पत्ता नव्हता.

सकाळी टोस्ट खाता खाता टीगनने नॅनला सगळं समजावलं होतं. बिलं चुकती करतो तो डेरिल. माणसं जुळवून देते ती नेरिडा. आणि पुढच्या वर्षी काय द्यायचं ते बघायला येते ती खात्याची बाई.

"म्हणजे एकाकडे पाकीट, एकीच्या हाती पिशवी आणि एकीच्या हाती कात्री," नॅन म्हणाली होती. "म्हातारी झालेय गं, खुळी नाही झाले."

टीगनने मेबलला उचललं. सहा वर्षांची पोर आता कमरेवर पेलत नव्हती. तिच्या पायांना बांधलेल्या आधाराच्या पट्ट्या टीगनच्या मांडीला लागत होत्या. नेरिडाने फोनवर बजावलेलं डोक्यात घोळत होतं : चांगला दिवस मला सांग, वाईट दिवस त्यांना. 'येतं' म्हटलं की मदत तिथेच थांबते. आणि मदत थांबली की काय होतं ते टीगनने पाहिलं होतं. फिजिओ सुट्टीवर गेली तेव्हा मेबलचे पाय लाकडासारखे झाले होते.

ती बाहेर आली तशी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली बाई उठली. "मी फिलिपा. जरा लवकरच पोचले, माफ करा. मेबल चालायला लागली म्हणे. किती छान बातमी."

गळ्यातल्या ओळखपत्रावर खात्याचं नाव होतं. टीगनने नॅनकडे पाहिलं.

"नेरिडाशी बोलूनच आलेय म्हणाली," नॅन पुटपुटली. "मला वाटलं, तिच्याच ऑफिसातली. आपलीच."

मेबलला गालिच्यावर तिच्या प्लॅस्टिकच्या मेंढ्यांपाशी बसवून टीगन फिलिपासमोर बसली.

"चालते असं नाही म्हणता येणार," ती म्हणाली.

"नाही म्हणता येणार? अगं, काल या डोळ्यांनी..."

"नॅन, चहा टाकतेस?"

"झालाय चहा."

"मग बिस्किटं काढ."

नॅन उठली नाही. टीगन बोलू लागली. रात्री पाय आखडले की मेबल किंचाळत उठते. संडासला उचलून न्यावं लागतं. वर्गात उभी राहायला गेली नि बाकावर आपटली, दात ओठात घुसला. मित्राच्या वाढदिवसाला सगळी मुलं आवारात पळत होती आणि ही गाडीत बसून राहिली. एकटीला उभं करायचा भरवसा नाही. आज आलेलं उद्या येईलच असं नाही. बाथरूमच्या आरशासमोर तिने हे आठवडाभर म्हणून पाहिलं होतं, तेव्हा आवाज कापायचा. आज कापला नाही. एकामागून एक येत राहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

फिलिपाची बोटं टपटप चालली होती.

"पोरीसमोर, टीगन," नॅन हळूच म्हणाली.

गालिच्यावरच्या मेंढ्या हलायच्या थांबल्या होत्या. टीगनने तिकडे पाहिलं नाही. "आणि पायऱ्या," ती म्हणाली. "पायऱ्या तर अजिबात जमत नाहीत."

फिलिपाने मान वर केली. चेहरा काही कठोर नव्हता. "मी लिहून पुढे पाठवते फक्त. निर्णय माझा नसतो."

"मग कुणाचा असतो?" नॅनने विचारलं.

"वरच्यांचा."

"म्हणजे कात्रीही भलत्याच कुणाकडे," नॅन म्हणाली, "आणि आम्ही सगळं घर तुमच्यापुढे मांडतोय."

फिलिपा ओशाळून हसली. लॅपटॉप बाजूला सारून ती गालिच्यावर गुडघे टेकून बसली. "मेबल, तू मला दाखवशील, कशी चालतेस ते? नको वाटलं तर राहू दे हं."

नॅनचा चेहरा एकदम उजळला. ती पुढे सरकली, हात पसरले. टीगन काहीतरी बोलायला गेली. चल म्हणावं, की नको म्हणावं?

मेबलने सोफ्याचा हात धरला आणि ती उठली. गुडघे लटलटले, मग स्थिर झाले. तिने सोफा सोडला. आधाराशिवाय, ताठ, खोलीच्या मधोमध ती उभी होती. असं पाहिलं असतं तर एरवी टीगन आनंदाने रडली असती.

नॅनच्या पसरलेल्या हातांकडे मेबलने पाहिलं. मग त्या नव्या बाईकडे. मग मान वळवून ती आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"मम्मी," तिने विचारलं, "आज मला चालता येतं का?"