बिचारे फोटो

वसतिगृहातल्या मुलींचे फोटो परदेशी देणगीदारांना पाठवायचे होते. पाहणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे, असं संस्थेनं फोटोग्राफर वामनरावांना बजावलं होतं. मुली तर तेल चोपडून, रिबिनी बांधून, नटून रांगेत उभ्या. वामनरावांनी आधी सगळ्यांच्या वेण्या सोडवल्या, मग चुलीतली राख आणवून गालांना फासली. एवढी तयारी झाल्यावर ते कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यात डोकं खुपसून वाकले.

रांगेत खसखस पिकली.

"काहून हसून राहिल्या वं? जरा बिचाऱ्या दिसा ना!" कपड्याच्या आतून ते ओरडले.

त्यावर तर मुली पोट धरून हसायला लागल्या. वामनराव डोकं बाहेर काढत, डोळे वटारत, पुन्हा आत घालून वाकत. वाकले की पुन्हा तेच.

शेवटी विशाखाला त्यांची दया आली. ती रांग सोडून जवळ आली आणि त्यांच्या कानाशी लागली.

"काका, तुमची पँट मागून उसवली. वाकता तेव्हा तुमच्या मागच्या कपाटाच्या काचेत सारं दिसून राहिलं."

वामनरावांनी दोन्ही हात मागं नेले आणि भिंतीला पाठ लावली. आवाज एकदम खाली आला.

"बेटा, बाहेर कोणाले सांगू नको वं. धरमपेठेत दुकान आहे माह्यं. लोक काय म्हणतील?"

"नाही सांगत." फ्रॉकच्या टोकानं गालावरची राख पुसत विशाखा म्हणाली, "मंग तुम्ही बी आमचं कोणाले दाखवू नका."