थोरलीची जागा

शनिवारी दुपारी व्हर्डेल नेहमीसारखी नेल्डाच्या वडिलांसाठी भेंडीचं कालवण आणि मक्याचा पाव घेऊन आली. गोऱ्यांच्या आळीतल्या या घरात ती काळी बाई पूर्वी मागच्या दाराने यायची. मिसिसिपीत वारं बदललं, तशी पुढच्या दाराने येऊ लागली.

"मीठ विसरलीस, की महाग झालंय?" पहिल्याच घासाला वडील म्हणाले.

"डॉक्टरांनी तोडलंय, साहेब. भांडायचं तर त्यांच्याशी भांडा."

"तुम्ही दोघी मिळून मला उपाशी मारणार!"

दोघी हसल्या, मान मागे टाकून, डोळे मिटून, थेट समोरच्या म्हाताऱ्यासारख्या. नेल्डाच्या ते लक्षात आलं आणि इतकी वर्षं करत आली तसं तिने ताटात बघितलं.

रविवारी सकाळी वडील उठलेच नाहीत.

मंगळवारी चर्चच्या पायऱ्यांशी शवपेटी टेकवली. तिच्यामागून घरच्यांनी आत जायचं, थोरल्या अपत्याने सगळ्यांत पुढे. आत्या, काका, चुलतभावंडं मागे रांगेत उभी राहिली. व्हर्डेल रस्त्यापलीकडे एकटीच उभी होती.

"ये बाई नेल्डा, हो पुढे," अंत्यविधीची व्यवस्था बघणारे गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले. "थोरली म्हण, धाकटी म्हण, तूच काय ती एकुलती."

नेल्डा जागची हलली नाही. आत्याने तिला कोपराने ढोसलं. सगळं गाव बघत होतं.

"थोरली मी नव्हे," नेल्डा म्हणाली आणि तिने रस्त्यापलीकडे हाक मारली, "ताई, ये गं लवकर. बाबा खोळंबलेत."