मोठेपणा

शेजारच्या मृणालचं हिरवंगार लॉन दाखवून नवरा म्हणायचा, "शिकून घे जरा!" शर्वरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सप्टेंबरात दोघींनीही अमेरिकेतल्या कडक उन्हाळ्यात विरळ झालेल्या लॉनवर फेस्क्यू गवताचं नवं बी पेरलं. तिसऱ्याच दिवशी मृणाल धावत आली. "आई गंभीर आहे, भारतात निघालेय. माझ्या लॉनला रोज पाणी घालशील?"

"घालेन की."

पण शर्वरीनं फक्त आपलंच लॉन भिजवलं. पलीकडची माती सुकताना पाहून तिला बरं वाटायचं. आठव्या दिवशी मृणालची आई गेल्याचं कळलं, तेव्हा मात्र ती पाइप घेऊन धावली.

परतल्यावर तुरळक कोंब पाहून मृणालनं तिला मिठी मारली. "तू होतीस म्हणून एवढं तरी उगवलं!"

"मी काहीच केलं नाही गं," शर्वरी म्हणाली.

मृणालला तो तिचा मोठेपणा वाटला.