उंबऱ्याबाहेरचा कोयता

मारुंजीतल्या नव्या फ्लॅटच्या भिंतीवर किशोरने शोभेची सामुराई तलवार लावली होती. तो पाहुण्यांना सांगत होता, "सामुराई कमरेला दोन तलवारी लावायचे. कुणाच्या घरी गेले, की लांब तलवार दारातच काढून द्यायचे. पुढे बंदीच आली."

त्याचे वडील, बहिरूअण्णा, हसले. "आमचा कोयता बी कमरेलाच असायचा. भावाच्या घरात शिरताना मातूर उंबऱ्याभायेर ठिवायचा. आमच्यात ही रीत कुणी मोडली न्हाई."

चहा घेऊन आलेली चंद्राबाई जागीच थांबली. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे अण्णांच्या भावाचा, राहत्या घरातच कोयत्याने खून झाला होता; खुनी वीस वर्षांत सापडला नव्हता.



"यकदा मोडली, भावजी," ती म्हणाली. "मी माळ्यावर व्हते."